ताटे दोन, भटारखाना एक

विमानप्रवासाच्या गप्पा निघाल्या की एक माहिती हमखास कोणीतरी पुरवतो: कॅप्टन आणि त्याचा सहवैमानिक कधीही एकच जेवण जेवत नाहीत. एकाला चिकन दिले तर दुसऱ्याला पनीर. एकाचे पोट बिघडलेच तर दुसरा धडधाकट असतो, तो विमान उतरवतो. एवढ्यावर कोणाचे भांडण असायचे कारण नाही. पण आता हीच माहिती युक्तिवाद म्हणून वापरली जाते. विमानातले जेवण बनवणाऱ्या फ्लाइट किचनमधल्या कामगारांच्या परिस्थितीबद्दल बोलायला जा, वैमानिकांच्या आजारपणाच्या रजेचा विषय काढा, की उत्तर तयार असते: विमान कंपन्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय, ताटे वेगळी असतात, कॉकपिटमध्ये माणसे दोन असतात, उगाच लोकांना घाबरवू नका.

मी अन्नसूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि नोकरीची सुरुवातीची वर्षे मुंबईतल्या एका फ्लाइट किचनमध्ये गुणवत्ता तपासनीस म्हणून काढली. प्रश्न सुटलेला नाही, हे मी त्या कामाच्या आधारावर सांगते. वेगळ्या ताटांची पद्धत चांगली आहे, ती राहिलीच पाहिजे. मात्र विष ताटापर्यंत पोचल्यानंतर ते दोघांऐवजी एकाच्या पोटात जावे, एवढीच तिची झेप आहे. ते ताटापर्यंत का पोचले, याला ती हातही लावत नाही. आणि धोका आधीच थांबवणे ज्यांच्या हातात आहे, त्या दोन माणसांना आपण आजारी असल्याचे सांगण्याची मोकळीक नाही. एक आहे किचनमधला मदतनीस, दुसरा खुद्द वैमानिक.

वेगळ्या ताटांची गोष्ट सांगताना ज्या घटनेचा दाखला नेहमी दिला जातो, ती मुळातून पाहू. ३ फेब्रुवारी १९७५. जपान एअरलाइन्सचे बोइंग ७४७ टोकियोहून पॅरिसला निघाले होते, अलास्कातले अँकरेज आणि डेन्मार्कचे कोपनहेगन असे थांबे घेत. विमानात ३४४ प्रवासी. कोपनहेगनला उतरण्याआधी नाश्त्याला हॅम ऑम्लेट वाढले गेले आणि थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, पोटात मुरडा सुरू झाला. १९७ जण आजारी पडले, त्यातल्या १४४ जणांना इस्पितळात दाखल करावे लागले. तपासात धागा अँकरेजच्या किचनपर्यंत पोचला. तिथल्या एका स्वयंपाक्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर पिकलेले फोड होते. त्यातला स्टॅफिलोकॉकस हॅममध्ये उतरला होता. तयार झालेली ऑम्लेटे आधी सहा तास खोलीच्या तापमानात राहिली, मग साडेचौदा तास १० अंशांच्या खोलीत, आणि विमानात चढल्यावर पुन्हा काही तास थंडाव्याविना. एवढ्या वेळात त्या जंतूने आपले विष भरपूर तयार केले होते.

विमानात ऑम्लेटे ओव्हनमध्ये गरम झाली होती. म्हणून ‘गरम करून वाढतात, मग कसली भीती’ या दुसऱ्या लाडक्या समजुतीलाही हीच घटना खोडून काढते. उष्णतेने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकॉकसने एकदा सोडलेले विष उकळूनही जात नाही. वाफाळते ऑम्लेट खाऊनच ती माणसे कोसळली.

आणि वैमानिक? ते वाचले. कोणत्याही नियमाने नव्हे. ते अँकरेजहून चढले होते, त्यांच्या शरीराचे घड्याळ अलास्काच्या वेळेवर चालत होते आणि त्यांना ती जेवणाची वेळ वाटत होती. म्हणून त्यांनी ऑम्लेटाऐवजी स्टेक घेतला. नाश्ता करावासा वाटला असता, तर साडेतीनशे माणसांचे विमान उतरवायला कॉकपिटमध्ये कोण ताठ बसू शकले असते, याचा विचार करून पाहावा. या घटनेनंतर शिफारस झाली की वैमानिकांचे जेवण वेगवेगळे असावे आणि ते वेगवेगळ्या स्वयंपाक्यांनी केलेले असावे. यातला पहिला अर्धा भाग जगभर पसरला. दुसरा अर्धा भाग गप्पांतून कधीच गळून गेला. शिवाय ही सगळीकडे कायद्याने घातलेली सक्ती आहे असेही समजू नये. अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामकाच्या नियमांत वेगळ्या जेवणाची अट नाही, तिथे तो ज्या त्या कंपनीचा शिरस्ता आहे.

त्या घटनेपायी एक माणूस गेला. किचन चालवणाऱ्या कंपनीतल्या जबाबदार अधिकाऱ्याने आत्महत्या केली. साऱ्या व्यवस्थेची चूक एका माणसाने आपल्या जिवावर घेतली, आणि फोड आलेल्या हातांचा माणूस त्या दिवशी कामावर का होता, हा प्रश्न मागे राहिला. पन्नास वर्षांनंतरही तो तिथेच आहे.

आता गळून गेलेल्या त्या अर्ध्या भागाकडे येते. चिकन आणि पनीर ही नावे वेगळी आहेत, हे खरे. पण कोणत्याही मोठ्या भारतीय किचनमध्ये जाऊन पाहा. कांदा-टोमॅटोची बेस ग्रेव्ही एकाच भल्यामोठ्या कढईत होते. तीच चिकनमध्ये पडते, तीच पनीरमध्ये. वर भुरभुरायची कोथिंबीर एकाच पाटावर चिरलेली असते. काकडीचे काप, दही, हिरवी चटणी, गोडाचा वाडगा हे दोन्ही ट्रेंमध्ये सारखेच. ट्रे लावणारे हात तर एकच. मार्च १९८४ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या विमानांत साल्मोनेलाची मोठी साथ आली, तिचा उगम अ‍ॅस्पिकमध्ये सापडला. अ‍ॅस्पिक म्हणजे थंड पदार्थ चकचकीत दिसावेत म्हणून त्यांवर ओतायची जेलीची झिलई. खालचा पदार्थ काहीही असो, वरची झिलई तीच. शेकडो प्रवासी आजारी पडले, कर्मचारीही सुटले नाहीत. आपली चटणी आणि आपली कोथिंबीर त्या झिलईचेच काम करतात. ज्यांना दोन ताटांवर भरवसा ठेवायचा आहे, त्यांनी निदान ती दोन ताटे दोन स्वयंपाकघरांतून आणावीत. नाहीतर एकाला किचनचे जेवण आणि दुसऱ्याला कारखान्यात बंद झालेले, निर्जंतुक केलेले पाकीट द्यावे. हे जमण्यासारखे आहे.

तरीही भोक उरतेच, कारण रोगाचे घड्याळ वेगळे चालते. स्टॅफिलोकॉकसचे विष अर्ध्या तासापासून आठ तासांत त्रास देते. नोरोव्हायरसला बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात. साल्मोनेला सहा तासांत उठू शकतो किंवा सहा दिवसांनी. म्हणजे आज दुपारी कॉकपिटमध्ये ज्याच्या पोटात कळ येते, त्याने ती काल रात्रीच्या हॉटेलातून आणलेली असू शकते. लेओव्हरला, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या मुक्कामाला, कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) एकाच बसने हॉटेलवर जातात, एकाच बुफेसमोर उभे राहतात, सकाळी तिथेच इडली-सांबार खातात आणि मग विमानात बसल्यावर नियमाप्रमाणे वेगळे ट्रे उघडतात. नियमाला फक्त ट्रे दिसतो.

घरच्या डब्याचेही थोडे सांगते, कारण पुष्कळ वैमानिक मोठ्या विश्वासाने डबा नेतात आणि घरचे म्हणजे सुरक्षित असे आपल्याकडे सगळेच मानतात. रात्री शिजवून ओट्यावर ठेवलेला भात, पहाटे दिलेली फोडणी, तीन वाजता घर सोडणे आणि दहा वाजता डबा उघडणे. भातात बॅसिलस सेरियस वाढायला एवढा अवधी पुरतो. त्याचे बीजाणू पहिल्या शिजण्यात टिकतात आणि त्याचे उलटी आणणारे विषही फोडणीने जात नाही. डबा न्यायचा तर भात शिजल्याबरोबर पसरून गार करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि बर्फाच्या पिशवीबरोबर न्यावा. कोरडी पोळी-भाजी आणि सालासकट फळ त्याहून बरे.

आता सगळ्यात जोराने मांडला जाणारा मुद्दा: आजवर असे कोणते प्रवासी विमान वैमानिकांच्या पोटदुखीने पडले? १९५७ च्या ‘झीरो अवर’ या हॉलिवूडपटात वैमानिकांना मासे बाधतात आणि प्रवाशांतला एक जण विमान उतरवतो, पुढे १९८० मध्ये ‘एअरप्लेन’ने त्यावर हसवले. तेव्हापासून हा विषयच फिल्मी ठरला आहे. मोठे विमान या कारणाने पडल्याचे उदाहरण माझ्याकडे नाही, आणि त्याचा मला आनंद आहे. पण ‘पडले नाही’ यावरून ‘धोका नाही’ हे सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २०१० ते २०१४ या काळात वैमानिक काम करण्यास असमर्थ झाल्याच्या घटना तपासल्या. मोठ्या प्रवासी विमानांत त्याचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले पोटाचे आजार. हृदयविकार नव्हे, फिट नव्हे. त्याआधी वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सदस्यांची १९८० च्या दशकात पाहणी झाली होती. तीत सुमारे २९ टक्के वैमानिकांनी सांगितले की कधी ना कधी उड्डाणात त्यांना आपले काम दुसऱ्याकडे सोपवावे लागले होते, आणि तिथेही पोटाच्या तक्रारीच सर्वांत पुढे होत्या.

कॉकपिटमध्ये दोन माणसे असतात ती अशासाठीच की एक विमान चालवील आणि दुसरा त्याच्यावर, यंत्रांवर, रेडिओवर नजर ठेवील. एक शौचालयात अडकला की हे दुसरे डोळे गेले. आणि पूर्ण कोसळलेला माणूस तरी लगेच ओळखू येतो. दोनदा हाक मारून उत्तर नाही आले तर सूत्रे हाती घ्यायची, हे प्रशिक्षणात घोटवून घेतलेले असते. अवघड असतो तो अर्धा आजारी. मळमळतेय, घाम फुटतोय, पण ‘चालेल, उतरू आता’ म्हणत तो खुर्चीत बसून राहतो. हाकेला ओ देतो, चेकलिस्ट वाचतो, आणि एक ओळ गाळतो. पावसाळी रात्री, वाऱ्यात, डोंगराळ विमानतळावर उतरताना ती एक ओळ महाग पडू शकते. मळमळ थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून मनाने औषध घेऊन वेळ मारून नेणेही सुरक्षित नसते.

मग हा माणूस घरूनच ‘मला बरे नाही’ असे का कळवत नाही? या प्रश्नाचे उत्तर ट्रेमध्ये शोधून सापडणार नाही.

आपल्याकडे वैमानिकाने किंवा केबिन क्रूने आजारी असल्याचे कळवले की संशय आधी येतो. अहमदाबादच्या विमान दुर्घटनेनंतर १६ जून २०२५ या एका दिवशी एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले, अशी माहिती नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिली. त्या आठवड्यात ज्यांचे सहकारी गेले होते त्या माणसांबद्दलचा हा आकडा होता, आणि मी तो चर्चेत ऐकला तो बहुतेक वेळा ‘एवढे सगळे एकदम कसे आजारी पडतात’ या सुरात. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने सामूहिक आजारपण कळवले, तेव्हा काही जणांना कामावरून काढले गेले आणि समझोत्यानंतर परत घेतले गेले. तो तंटा पगाराचा आणि वागणुकीचा होता, तो त्या पातळीवर सोडवायला हवा होता. पण अशा प्रत्येक प्रकरणानंतर जो माणूस खरोखर रात्रभर जुलाबाने हैराण आहे, त्यालाही फोन उचलताना दहा वेळा विचार करावा लागतो. त्यात रोस्टर इतके ताणलेले की बदली माणूस सापडणे मुश्कील. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण तेवढे वैमानिक नव्हते. शेवटी नियमच काही काळ शिथिल करावे लागले. एवढ्या काठावर चालणाऱ्या व्यवस्थेत पोट बिघडलेला फर्स्ट ऑफिसर पहाटे तीन वाजता काय ठरवील? दोन गोळ्या घेईल आणि टॅक्सीत बसेल.

आणि किचनमधला माणूस? त्याच्याकडे तर गोळ्यांचेही पैसे नसतात.

शिफ्ट सुरू होताना दाराशी हात तपासायचे हे माझे काम होते. तळवे वर, मग उलटे, नखे, बोटांच्या बेचक्या. काप असेल तर निळी पट्टी. निळ्या रंगाचे अन्न जवळजवळ नसतेच, त्यामुळे पट्टी सुटून पडली तरी दिसते. एकदा रात्रीच्या उड्डाणांचे सॅलड लागत असताना एका मुलाच्या हातात मला हातमोजे दुहेरी दिसले, एकावर एक. काढायला सांगितले. आतली निळी पट्टी ओली होऊन घसरली होती आणि तर्जनीचे टोक सुजून पिवळे झाले होते. तो दाराशी आलाच नव्हता, माल उतरवतात त्या बाजूने ट्रॉलीबरोबर आत शिरला होता. चार दिवसांपूर्वी डब्याच्या पत्र्याने बोट कापले होते. मी विचारले, सांगितले का नाहीस? तो म्हणाला, “मॅडम, खाडा पडला की दिवस कापतात, आणि दोन खाडे पडले की कंत्राटदार दुसरा माणूस आणतो.” मी सॅलड फेकायला लावले, त्याला घरी पाठवले, नोंद केली. नियमात जे होते ते सगळे झाले. त्याचा दिवस कापला गेला आणि त्या आठवड्यात त्याच्या जागेवर खरोखरच दुसरा माणूस उभा होता. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिले. त्यानंतर माझ्यासमोर आपणहून बोट दाखवायला कोण येणार होते?

नियम कागदावर भक्कम आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांतली चौथी अनुसूची सांगते की संसर्गजन्य आजार किंवा उघडी जखम असलेल्या माणसाने अन्न हाताळू नये, आणि वर्षातून एकदा सगळ्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी. वर्षातून एकदा! बोट मंगळवारी कापते. त्या मंगळवारची मजुरी कोणी द्यायची, यावर अनुसूचीत शब्द नाही. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) आधार आहे म्हणतील, तर त्याचाही हिशेब पाहा. आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पण आजाराचे पहिले दोन दिवस त्यात साधारणपणे धरले जात नाहीत. कापलेले बोट किंवा साधे जुलाब यांना मुळात दोन-तीन दिवसच लागतात. जुलाब थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावू नये, असा जाणकारांचा सर्वमान्य सल्ला आहे. ज्या दिवसांत माणसाला घरी ठेवण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच दिवसांत त्याच्या हाती काही पडत नाही.

यावर व्यवस्थापनाकडून दोन उत्तरे येतात. एक, हातमोजे असतातच. हातमोजा ओला होतो, फाटतो, आतला घाम बाहेर येतो, आणि त्याने माणूस निर्धास्त होतो. पिकलेल्या बोटावर तो उपाय नाही. दुसरे उत्तर, पगारी रजा दिली की लोक खोटी बोटे दाखवतील. खोटे बोट दाखवता येत नाही, ते तपासनीसाला दिसते. जुलाबाचे खोटे सांगता येईल, हे मान्य. काही जण सांगतीलही. पण एका हेल्परचे दोन दिवस म्हणजे किती रुपये होतात, आणि एक भरलेले विमान वाटेत दुसऱ्या विमानतळावर उतरवायचे म्हणजे इंधन, शुल्क, प्रवाशांची सोय, नवा क्रू यांचे किती होतात, हा हिशेब कोणतीही विमान कंपनी माझ्यापेक्षा चांगला जाणते. काही खोट्या रजांचा भुर्दंड सोसावा लागला तरी तो सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वैमानिकांच्या बाबतीतही तेच. पोट बिघडल्याचे कळवणाऱ्याला पहिले ४८ तास प्रमाणपत्र मागू नये, उड्डाणभत्ता कापू नये, आणि बदलीचा माणूस मिळेल एवढे स्टँडबाय ठेवावेत.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. किचन विमान कंपनीशी करार करते, आणि विमान कंपनीचे ऑडिटर त्या करारावर बोट ठेवून किचनमध्ये येतात. मी त्यांच्याबरोबर फिरले आहे. अन्न झपाट्याने गार करणाऱ्या ब्लास्ट चिलरच्या नोंदी मागतात, प्रोब थर्मामीटर तपासतात, चिरायच्या पाटांचे स्वॅब घेतात, विमानात जेवण चढवणाऱ्या हायलोडर गाडीत चढून तापमान बघतात. काम चोख करतात. जखमेमुळे किंवा पोटामुळे किती जणांना घरी पाठवले आणि त्यांतल्या किती जणांना, कंत्राटी माणसे धरून, पहिल्या दिवसापासून पूर्ण मजुरी दिली, ही नोंदवही मात्र माझ्या काळात एकानेही मागितली नाही. ती मागावी. करारात तसे कलम घालावे. आणि शेकडो माणसे सुऱ्या चालवतात अशा किचनच्या त्या वहीत वर्षभरात एकही नाव सापडले नाही, तर ऑडिटरने समाधानाचा शेरा मारू नये. खाली उतरून ट्रे लावणाऱ्यांचे हातमोजे काढायला सांगावेत.